चेतक 3502 वर्षभर वापरल्यावर: गाडी, मॅग्नेट आणि आकुर्डी

गाडीबद्दल आधी सरळ सांगते कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. बजाज चेतकची 3.5 किलोवॉट-अवर बॅटरीवाली जी 35 सिरीज डिसेंबर 2024 मध्ये आली त्यातली मधली, म्हणजे 3502, मी वर्षभरापासून रोज चालवतेय, चिंचवड ते भोसरी एमआयडीसी आणि मधे भाजी, बँक, मुलीचा क्लास. पाचपैकी चार स्टार. तुमचं रोजचं जाणंयेणं पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असेल, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून प्लग घेता येत असेल आणि सव्वा लाखाच्या पुढे जायची तयारी असेल तर घ्या, पस्तावणार नाही.

ज्यांना यापुढचं वाचायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या लोकांमध्येच माझा दिवस जातो, आणि ही गाडी घेताना मी जेवढा विचार रेंजचा केला तेवढाच ती कुठे बनते आणि कोण बनवतं याचा केला.

चालवायला कशी आहे ते आधी. सगळ्यात मला आवडतं ते म्हणजे पत्रा. बाकी बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटर फायबरच्या, हिची बॉडी पत्र्याची, आणि तो फरक गाडी स्टँडला लावताना, खड्ड्यातून नेताना, गर्दीत कोणीतरी बाजूने घासून गेल्यावर कळतो. जुन्या चेतकची आठवण आहे त्यांना तर हात लावला तरी कळेल. बॅटरी आता पाय ठेवतो त्या फ्लोअरच्या खाली गेलीये, त्यामुळे सीटखाली 35 लिटरची डिक्की मिळते, माझं हेल्मेट, डबा, जीएसटीच्या फाईली आणि पावसाळ्यात रेनकोट एवढं सगळं आरामात बसतं, आणि फ्लोअर सपाट असल्यामुळे पायाशी दळणाचा डबा ठेवता येतो जे आमच्यासारख्यांना फार महत्त्वाचं आहे. कंपनी 153 किलोमीटर रेंज सांगते, मला ईको मोडवर सव्वाशेच्या आसपास आणि स्पोर्टवर शंभरच्या थोडं पुढे मिळतं, मागे कोणी बसलं असेल आणि नाशिक फाट्याच्या पुलावरून चढउतार असेल तर त्याहून कमी. चार्जिंगला कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशी टक्क्यांना साडेतीन तासांच्या आत, मी रात्री लावते त्यामुळे मला घाई नसते. पूर्ण चार्जला चार युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे महावितरणच्या घरगुती दराने पेट्रोलच्या मानाने काहीच नाही.

आता कमी काय ते. टॉप स्पीड 73, शहरात पुरतो पण चाकणच्या पुढे हायवेला ट्रकच्या मधे जायचं असेल तर विचार करा. बॅटरी काढून घरात नेता येत नाही, गाडीतच फिक्स आहे, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी सोसायटीच्या कमिटीकडून पार्किंगमध्ये प्लगची परवानगी लेखी घ्यावी आणि मग बुकिंग करावं, उलटं करू नका. स्टेपनी नाही. आणि किंमत. किंमतीवर पुढे बोलते कारण तोच खरा मुद्दा आहे.

हिच्या आधी आमच्याकडे एक स्वस्तातली स्लो स्पीड स्कूटर होती, ती 250 वॉटची, ताशी 25 च्या वर न जाणारी, जिला लायसन्स लागत नाही आणि नंबर प्लेटही लागत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. दुकानात समोर तिरंग्याचा स्टिकर लावलेला आणि मेड इन इंडिया लिहिलेलं. काही महिन्यांनी कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मापात देणारा भाग, गेला. मेकॅनिकने समोर उघडून दाखवलं तर आतली वायरिंग, कंट्रोलर, हबमधली मोटर, चार्जर, सगळ्यावर चिनी अक्षरं, इथे फक्त नटबोल्ट आवळलेले आणि स्टिकर लावलेला. दुकानदार म्हणाला, वहिनी कंटेनर येतोय, आला की लगेच टाकतो. कंटेनर काही आला नाही, थोड्या दिवसांनी त्या गाळ्यात मोबाईल कव्हरचं दुकान आलं. गाडी शेवटी भंगारात दिली. पैसे गेले त्याचं दुःख होतंच पण जास्त राग याचा आला की देशी माल घ्यायचा म्हणून आम्ही ती घेतली होती.

असं फक्त आमच्या गल्लीत झालं नाही. केंद्राची फेम-2 नावाची सबसिडी योजना एप्रिल 2019 ला सुरू झाली, तिच्यात अटच होती की कुठला पार्ट कधीपासून भारतातच बनलेला हवा, टप्प्याटप्प्याने. 2021 ते 2023 मधे बॅटरीच्या दर किलोवॉट-अवरला 15,000 रुपये सबसिडी मिळत होती, म्हणजे एका स्कूटरमागे मोठी रक्कम. मग चौकशीत निघालं की काही कंपन्यांनी बाहेरून आणलेले पार्ट लावून सबसिडी उचललीये, सरकारने ती परत मागितली. म्हणजे सरकारचे पैसे, म्हणजे तुमचेआमचेच, देशातल्या कारखान्यासाठी म्हणून बाहेर पडले आणि त्यातले काही कंटेनरच्या बिलात गेले.

त्यामुळे या वेळी मी शोरूममध्ये जाऊन एकच गोष्ट आधी विचारली, मोटर कुठली, कंट्रोलर कुठला, बॅटरीतले सेल कुठले. सेल्समन पोरगा चांगला होता, त्याला सगळं माहीत नव्हतं पण त्याने आत जाऊन विचारून सांगितलं. आणि उरलेलं मी माझ्या कामाच्या ओळखीतून काढलं. चेतक पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीत, बजाजच्या जुन्या आवारातच बनते, जून 2022 मध्ये तिथे खास इलेक्ट्रिकसाठी नवीन प्लांट सुरू झाला. चेसिस, पत्रा, प्रेसचं काम, प्लास्टिकचे पार्ट, कास्टिंग, वायरिंग हार्नेस, हे आपल्याकडच्या व्हेंडरांचं काम आहे आणि ते आपल्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या होतंय. लिथियमचे सेल मात्र आपल्या देशात जवळपास सगळ्यांचेच बाहेरून येतात, चीन नाहीतर कोरिया, ते पॅक इथे होतात. आणि मोटरमधलं मॅग्नेट.

मॅग्नेटचं तर 2025 मध्ये सगळ्यांनी बघितलं. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात प्रकारच्या रेअर अर्थ धातूंवर आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यातीची बंधनं घातली, लायसन्स घेतल्याशिवाय माल सुटेना. जगातले दहातले नऊ असे मॅग्नेट चीनच बनवतो. निओडिमियमचं छोटंसं मॅग्नेट, हातात मावेल एवढं, त्याच्यावाचून मोटर फिरत नाही. जुलैमध्ये बजाजने उघडच सांगितलं की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. शेवटी अख्खा महिना शून्यावर गेला नाही, महिन्याच्या शेवटाकडे माल यायला लागला आणि गाड्या पुन्हा निघाल्या, पण त्या दिवसांत आमच्या भोसरीत काय वातावरण होतं ते मी बघितलंय. मॅग्नेटशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, म्हणजे जे ब्रॅकेट बनवतात, स्टँड बनवतात, स्प्रिंगा बनवतात, त्यांच्याही शेड्यूलवर काट मारली गेली, कारण मेन लाईन थांबली की मागची सगळी रांग थांबते. आणि सगळ्यात आधी घरी कोण जातं? ठेकेदाराची पोरं. त्यांना फोन येतो की उद्या येऊ नका, परवा सांगतो.

आपल्याकडे हे धातू नाहीत असं नाहीये. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे हे धातू असलेलं खनिज, आहे, सरकारची इंडियन रेअर अर्थ्स कंपनी 1950 पासून आहे. पण वाळूतून ऑक्साईड, ऑक्साईडमधून धातू, धातूतून मॅग्नेट, हा जो कारखान्याचा मधला प्रवास आहे तो आपण इतकी वर्षं केला नाही कारण चीनचं मॅग्नेट स्वस्त पडत होतं आणि परचेसवाल्याला तिमाहीचा आकडा दाखवायचा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 7,280 कोटींची योजना मंजूर केलीये, वर्षाला 6,000 टन मॅग्नेट देशात बनवायची. चांगलं आहे, मनापासून वाटतं व्हावं. फक्त हे आधी करायला हवं होतं, लाईन थांबायच्या आधी.

आता आकुर्डीबद्दल. बाहेरच्या लोकांना चेतक म्हणजे जुन्या दिवसांची एक आवडती गाडी, आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना ती गाडी म्हणजे शहर कसं उभं राहिलं त्याचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाची सुरुवात इंपोर्टपासून आहे हे फार लोकांना माहीत नसतं. बजाजची कंपनी 1945 ची, नाव बछराज ट्रेडिंग, 1948 पासून ते बाहेरून दुचाकी-तीनचाकी आणून विकायचे. 1959 ला बनवायचं लायसन्स मिळालं, मग इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा इथे बनायला लागली, 1971 ला तो करार संपला आणि 1972 ला स्वतःच्या नावाने चेतक आली. आधी आणून विकणारे, मग दुसऱ्याचं बनवणारे, मग स्वतःचं बनवणारे. एवढं व्हायला पंचवीस वर्षं लागली आणि त्या पंचवीस वर्षांत आकुर्डीच्या आजूबाजूला लेथवाले, प्लेटिंगवाले, डायमेकर, स्प्रिंगवाले असे शेकडो तयार झाले. साताऱ्यालाही तसंच, महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया गाडी तिथे बनायची, सरकारी महामंडळ आणि बजाज मिळून काढलेली कंपनी होती ती. नगरला लुना.

त्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. चेतकसाठी दहा दहा वर्षं नंबर लावायला लागायचा, परदेशातून डॉलर आले तर गाडी लवकर मिळायची, ग्राहकाला कोणी विचारत नव्हतं. ते संपलं ते बरंच झालं. पण त्याच काळात 1972 ला पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघालं, कामगारांना घरं मिळावीत म्हणून, आणि निगडी, आकुर्डीच्या सेक्टरांमध्ये ज्यांनी प्लॉट घेतले, मग वर एक मजला चढवला, मग मुलांना इंजिनियर केलं, ते टेल्कोतले (आताची टाटा मोटर्स), बजाजमधले, ग्रीव्ह्जमधले, एसकेएफमधले आयटीआय झालेले फिटर आणि टर्नर होते. कंपनीत परमनंट लागला एवढ्यावर लग्न ठरायचं. दर तीन वर्षांनी पगारवाढीचा करार व्हायचा आणि त्या दिवशी चाळीत पेढे वाटायचे. आणि जो माणूस चेतकची चाकं आवळायचा त्याच्या दारात चेतक उभी असायची, यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

सप्टेंबर 2007 मध्ये आकुर्डीत गाड्या बनणं थांबलं. उत्तराखंडला पंतनगरमध्ये करसवलती होत्या, तिथे नवा प्लांट टाकला, इकडे सत्तावीसशेच्या आसपास कामगार राहिले, त्यांच्यासाठी व्हीआरएस, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन स्वेच्छानिवृत्ती, आली. 2009 च्या शेवटी कंपनीने सांगितलं की आता स्कूटर बनवणारच नाही, मोटरसायकलवर लक्ष देणार. धंद्याच्या हिशोबाने तो निर्णय त्यांना फळला, सत्तरहून जास्त देशांत त्यांच्या गाड्या जातात, हे मी मान्य करते आणि मला त्याचा अभिमानही वाटतो. पण 2007 ला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे जे लोक घरी आले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हीआरएसचे पैसे रिक्षात घातले, किराणा दुकानात घातले, मुलीच्या लग्नात गेले, आणि त्यानंतर ते सिक्युरिटी गार्ड म्हणून उभे राहिलेले आम्ही बघितले. कौशल्य होतं त्यांच्या हातात, मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं, आणि सोसायटीच्या गेटवर गाडीचे नंबर वहीत लिहायला लागली.

माझ्या बाबांचं याच्याही आधी झालं. ते भोसरीत एका कंपनीत होते, टॉर्च आणि इमर्जन्सी लाईट बनवायचे. छोटी कंपनी, दीडशे-दोनशे माणसं, पण परमनंट, कँटीन होतं, दिवाळीला बोनस. 1 एप्रिल 2001 ला आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं उठली, त्यात 715 वस्तू होत्या, आणि त्याच वर्षाच्या शेवटी चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. वर्ष-दोन वर्षांत बाजारात चिनी इमर्जन्सी लाईट आला, बाबांच्या कंपनीला कच्चा माल जेवढ्याला पडायचा जवळपास तेवढ्यात तयार लाईट. मालकाने आधी मोल्डिंग बंद केलं, मग असेंब्ली, मग तिकडूनच माल मागवून आपल्या नावाचा बॉक्स घालून विकायला लागला. कंपनी बंद नाही पडली हे लक्षात घ्या, कंपनी अजून आहे, नावही तेच आहे. कारखाना बंद पडला. बजाज इंपोर्ट करता करता कारखानदार झाले, बाबांचे मालक कारखानदाराचे इंपोर्टर झाले. मालकाचं घर चाललं, गोडाऊनला चार हमाल आणि एक क्लार्क लागला, बाकीचे दीडशे कुठे गेले ते कोणी विचारलं नाही. गिऱ्हाईकाला लाईट स्वस्त मिळाला हे खरंच आहे, आम्हीही पुढे तोच घेतला, पण बाबांचा पगार गेला तो परत त्या मापाचा कधीच आला नाही.

1993 च्या सुमाराला राहुल बजाज आणि आणखी काही उद्योगपती एकत्र येऊन म्हणत होते की परदेशी कंपन्यांना दार उघडताय तर आम्हालाही बरोबरीने लढायची संधी द्या, तेव्हा त्यांना बॉम्बे क्लब म्हणून हिणवलं गेलं, हे लोक स्पर्धेला घाबरतात म्हणून. मला आज वाटतं त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, वीज महाग, कर्ज महाग, जकात वेगळी, आणि समोर असा देश जिथे सरकार कारखान्याच्या पाठीशी उभं आहे. पण त्या चर्चेत उद्योगपतींसाठी बरोबरी मागितली गेली, कामगाराचा विषय त्यात आला नाही, आणि तो आजही येत नाही.

आजचं चित्र सांगते, कुठल्या एका कंपनीचं नाही, सगळ्या चाकण-भोसरी-तळेगाव पट्ट्याचं. देशाच्या नोंदणीकृत कारखान्यांमध्ये 2000 च्या आसपास पाचातला एक कामगार ठेकेदाराचा होता, आता पाचातले दोन आहेत, हे सरकारच्याच उद्योगांच्या वार्षिक पाहणीतलं आहे. आमच्या पट्ट्यात तर डोळ्यांना त्याहून जास्त दिसतात. जुन्या कायद्यात वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला हक्क लागू व्हायचे म्हणून सात महिने झाले की ब्रेक द्यायचा, पुन्हा दुसऱ्या नावाने घ्यायचं, कधी ट्रेनी म्हणून, कधी ॲप्रेंटिस म्हणून. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन पोरं राहतात, लातूरकडची, आयटीआय झालेली, इलेक्ट्रिशियन आणि मोटर मेकॅनिक, चाकणला जातात. हातात पंधरा-अठरा हजार, ओटी केला तर वर थोडे. त्यातल्या एकाला माझी गाडी फार आवडते, चार्जिंग कसं, मोड कसे, सगळं विचारतो, ट्रेनिंगमध्ये बॅटरी पॅक कसा बसवतात ते त्याने मला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ताई मी लोनला गेलो होतो, त्यांनी परमनंटचं लेटर मागितलं.

नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात फिक्स टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला, एका वर्षाने ग्रॅच्युइटी मिळणार आहे, आधी पाच वर्षं लागायची. तेवढं चांगलं झालं. पण फिक्स टर्म हीच रीत झाली तर लोनच्या खिडकीवर त्या पोराला तेच उत्तर मिळणार.

आणि इलेक्ट्रिक गाडीचा अजून एक भाग आहे जो शोरूमवाला सांगणार नाही, त्याचा दोषही नाही. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन, रिंगा, क्रँक, कॅम, व्हाल्व्ह, क्लच प्लेट, गिअर, कार्ब्युरेटर नाहीतर इंजेक्टर, सायलेन्सर, इतके फिरते पार्ट की त्यांच्यावर भोसरीतली निम्मी शटरं चालतात. इलेक्ट्रिक मोटरमध्ये फिरणारे पार्ट मोजकेच. आमच्या वर्कशॉपला क्लचचे पार्ट जायचे, त्या ऑर्डरी कमी होत चालल्यात, साहेबांनी एक सीएनसी मशीन विकलं. त्या मशीनवर सकाळच्या शिफ्टला असणारे काका आता दुसरीकडे रोजंदारीवर जातात. मी पेट्रोल गाडीच घ्यायला हवी होती असं याच्यावरून कोणी म्हणेल, मला तसं वाटत नाही, पुण्यातली हवा बघता आणि पेट्रोलचं तेल बाहेरूनच येतं हे बघता इलेक्ट्रिक यायलाच हवी. पण इंजिनाचे पार्ट जाणार असतील तर मोटर, कंट्रोलर, मॅग्नेट, सेल हे सगळं इथे यायला हवं, नाहीतर जुनं काम गेलं आणि नवं काम चीनमध्ये असं होईल, आणि आपल्याकडे उरेल पत्रा दाबणं आणि बोल्ट आवळणं.

अजून एक गोष्ट, आपण फक्त चीनकडे बोट दाखवतो म्हणून लिहितेय. ऑस्ट्रियातल्या केटीएम कंपनीच्या छोट्या मोटरसायकली बरीच वर्षं चाकणला बनतात आणि युरोपातही विकल्या जातात. केटीएम नोव्हेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली, बजाजनेच पैसे घालून ती वाचवली आणि 2025 मध्ये ताब्यात घेतली. तिकडे मॅटिगहोफेन नावाच्या गावात शेकडो लोकांची कामं गेली. त्याची कारणं त्यांच्या कंपनीच्या कारभारातली होती, जास्त गाड्या बनवून ठेवल्या वगैरे, पण तिथल्या कामगाराला चाकण हे नाव कसं ऐकू येत असेल ते मला कळतं. आमच्या घरात चीनमधलं शेन्झेन हे नाव तसंच ऐकू यायचं.

किंमतीवर येते. 3502 आली तेव्हा एक्स शोरूम 1 लाख 20 हजार होती, वर इन्शुरन्स आणि बाकीचं. सबसिडी नावालाच उरली होती, केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेमध्ये एप्रिल 2025 पासून किलोवॉट-अवरला 2,500 आणि जास्तीत जास्त 5,000 रुपये मिळत होते. महिना अठरा हजारवाल्याला गाडीची किंमत म्हणजे सहा-सात महिन्यांची पूर्ण कमाई. स्वस्तात हवी असेल तर त्याच सिरीजमधली 3503 बघा, टॉप स्पीड 63 आहे आणि स्क्रीन साधी, पण बॅटरी तीच. त्याहून स्वस्त आणि देशात बनलेलीच हवी तर कायनेटिक ग्रीनची ई-लुना आहे, नगरला बनते, फेब्रुवारी 2024 ला आली तेव्हा सत्तर हजारांच्या आत होती, दूधवाले आणि भाजीवाले खूश आहेत तिच्यावर. टीव्हीएसची आयक्यूब आणि एथर कंपनीची स्कूटर तामिळनाडूत होसूरला बनतात, दोन्ही मी चालवून बघितल्या, एथर चालायला चपळ आहे, मला पत्र्यासाठी चेतक बरी वाटली.

एक स्टार मी कापला तो गाडीचा नाही. सरकार गाडीच्या कंपन्यांना पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहनाचे पैसे देणारी, जी योजना देतं, 25,938 कोटींची, तिच्यात अट आहे की गाडीच्या किंमतीतला निदान पन्नास टक्के भाग देशातच तयार झालेला पाहिजे. त्यासाठी एकेका पार्टचे कागद लागतात, सर्टिफिकेट लागतात, आमच्यासारख्या तिसऱ्या पायरीवरच्या व्हेंडरकडूनसुद्धा माहिती मागवली जाते, ती भरायला मीच बसते. त्या फॉर्मात स्टील कुठलं, मशीन कुठलं, प्लेटिंग कुठे केलं हे सगळं विचारतात. हा पार्ट ज्याने बनवला तो माणूस कंपनीच्या पटावर आहे का ठेकेदाराच्या, हा रकाना त्यात नाही. माझी मागणी एवढीच आहे की तो रकाना असावा, आणि सरकारी पैसे घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला, बजाज असो टीव्हीएस असो नाहीतर उद्या येणारी कुठलीही, पार्टसाठी जशी पन्नास टक्क्यांची अट आहे तशी परमनंट कामगारांसाठी एक अट असावी. पार्टची अट पाळता येते तर ही पण पाळता येईल.

तुम्ही शोरूमला जाल तेव्हा टेस्ट राइड दोन माणसं बसवून घ्या, चढावर घ्या, आणि मोटर, कंट्रोलर, सेल कुठले ते विचारा, उत्तर आलं नाही तर लेखी मागा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर ते बिलावर लिहून घ्या. प्लगसाठी 15 ॲम्पिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्या, सोसायटीच्या वॉचमनच्या लाईटमधून ओढून लावू नका.